मिरामारवर उजेड रंगवायचाय? मग आधी सूर्यास्त सोडा

पहिलंच सांगते, सूर्यास्त रंगवायला जाऊ नका. निदान पहिले दोन-तीन महिने तरी नको. गोव्यात समुद्रावर कोणी बोर्ड आणि ब्रश घेऊन बसलं की मागे उभे राहणारे आधीच ठरवून मोकळे होतात, आता ही नारिंगी गोळा काढणार, खाली काळे माड काढणार, मध्ये एक होडी सोडणार. आणि आपण पण मुकाट्यानं तेच काढतो. माझं पहिलं चित्र अगदी तसंच आहे, आईनं ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलंय, पाहुणे त्याच्यासमोर बसले की मी चहाच्या निमित्तानं आत सटकते.

सूर्यास्त वाईट आहे असं नाही हो, तो थांबत नाही एवढंच. आपल्याकडे सूर्य युरोपसारखा तिरका घसरत जात नाही, जवळजवळ सरळ खाली जातो. बिंब पाण्याला टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन मिनिटं, आणि त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांत रंग मिसळायच्या पॅलेटवर कुठला रंग कुठला तेच दिसेनासं होतं. नवीन माणसाची तेवढ्यात जेमतेम ट्यूबची झाकणं उघडून होतात. मग होतं काय, समोर दिसतंय ते राहतं बाजूला आणि कॅलेंडरवर बघितलेलं असतं ते हातातून उतरतं.

म्हणून सकाळ. डिसेंबर-जानेवारीत सूर्य 7 च्या आसपास उगवतो, साडेसातला किनाऱ्यावर बसायचं, नऊला उठायचं. पणजीवाल्यांना मिरामार किंवा करंझाळे बरं पडतं, म्हापश्याकडच्यांना हणजूण, पेडण्याकडच्यांना मोरजी-केरी, मडगावकरांना कोलवा-बाणावली. जागा कुठलीही चालेल, पण एकच धरा आणि महिनाभर तिथेच जा. दर रविवारी नवा बीच शोधणाऱ्यांचे फोटो छान येतात, चित्रं येत नाहीत.

आता उजेडाची दिशा. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं काम झालं, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. हे शाळेतलं पोर पण सांगेल, पण चित्रासाठी याचा अर्थ काय होतो ते कोणी सांगत नाही. सकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे, जमिनीच्या बाजूनं वर येतो. म्हणजे समुद्रावर उजेड आपल्या बाजूनं पडतो, पाण्याचे स्वतःचे रंग दिसतात, होड्यांचे खरे लाल-निळे पट्टे दिसतात, आणि मागच्या सुरूंच्या, माडांच्या लांबच लांब सावल्या तुमच्या अंगावरून पुढे पाण्याकडे जातात. वारा पण अजून जमिनीवरून मंद येत असतो त्यामुळे पाणी शांत. संध्याकाळी याचं बरोब्बर उलटं. सूर्य समोर, प्रत्येक वस्तूची आपल्याकडची बाजू सावलीत, सावल्या आपल्या दिशेनं येणाऱ्या, दुपारपासून समुद्रावरून सुटलेल्या वाऱ्यानं पाण्यावर बारीक लाटा उठलेल्या आणि त्या प्रत्येकीवर सूर्याचा एकेक तुकडा. तेव्हा पाणी निळं नसतंच, ते चांदीसारखं असतं किंवा जुन्या पितळी समईसारखं. भर दुपारी तर वाळू पांढरी फटक आणि सावली पायाखाली, तेव्हा घरी जावं, शीत-कडी जेवावं आणि पडावं.

आणखी एक, सूर्य वर्षभर एकाच ठिकाणी बुडत नाही. मिरामारवर उभं राहिलं तर डिसेंबरात तो डावीकडे मोकळ्या समुद्रात जातो आणि मे-जूनपर्यंत सरकत सरकत उजवीकडे आग्वादच्या डोंगराच्या बाजूला येतो. तोच किनारा, तीच वेळ, पण चित्र पार वेगळं. ज्यांना पुढे जाऊन सूर्यास्त करायचाच आहे त्यांनी हे आत्ताच वहीत लिहून ठेवा.

सामानाचं पटकन उरकते. ॲक्रिलिक घ्या, कॅमलचे साधे चालतात, मी अजून तेच वापरते. टायटॅनियम व्हाइटची मोठी ट्यूब (ही सगळ्यात आधी संपते), लेमन यलो, यलो ऑकर (मातकट पिवळा), व्हर्मिलियन (शेंदरी), क्रिमझन (गडद लाल), अल्ट्रामरीन (गडद निळा), सेरुलियन (आकाशी निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी). बस. काळा घरी ठेवा, तो पिशवीत असला की हात जातोच. गडद हवं तेव्हा अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा, त्यातून येणारा काळसर रंग निळ्याकडे किंवा तांबड्याकडे झुकवता येतो, ट्यूबमधला काळा नुसता भोकासारखा दिसतो. कडक केसांचे चपटे ब्रश दोन, एक मोठा एक मधला, बारीक ब्रश अजिबात नको. 8 बाय 10 इंचाचे कॅनव्हास बोर्ड, फवारा मारायची बाटली, जुन्या बनियनच्या चिंध्या, पाण्याचा डबा झाकणवाला. झाकणवाला का, तर ते रंगाचं पाणी समुद्रात ओतायचं नाही, ॲक्रिलिक म्हणजे शेवटी प्लास्टिक, ते घरी आणायचं. (ट्यूब या वस्तूलाच मी मनातल्या मनात नमस्कार करते. जॉन रँड नावाच्या अमेरिकन चित्रकारानं 1841 मध्ये पत्र्याची दाबायची ट्यूब काढली, त्याआधी रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवायचे, टाचणीनं भोक पाडून पिळायचे. मिरामारवर ते घेऊन बसले असते तर कुत्र्यांनी मला रंगवू दिलं असतं का?)

निघायच्या आदल्या रात्री बोर्डावर बर्न्ट सिएना किंवा ऑकर पाण्यासारखा पातळ करून फासून ठेवा. पांढऱ्या बोर्डावर पहिला रंग नेहमी आहे त्यापेक्षा गडद वाटतो, मग आपण घाबरून सगळंच फिकं करत जातो. शिवाय वरच्या निळ्या-करड्या फटकाऱ्यांच्या फटीतून तो तांबूस रंग डोकावत राहिला की चित्राला आपोआप ऊब येते, फुकटात.

किनाऱ्यावर पोचलात की पहिली दहा मिनिटं रंगाला हात लावायचा नाही. डोळे बारीक करून बघायचं, इतके बारीक की पापण्या जवळजवळ मिटतील. बारीकसारीक सगळं पुसलं जातं आणि उरतात तीन-चार ठोकळे, एक उजळ, एक मधला, एक गडद. व्हिजिटिंग कार्डाएवढ्या चौकोनात पेन्सिलनं ते तीन शेड भरा. सकाळच्या मिरामारवर माझं साधारण असं येतं, आकाश सगळ्यात उजळ, कोरडी वाळू त्याच्या खालोखाल, समुद्र मधला, आणि ओली वाळू, सुरूंच्या सावल्या, होड्यांचे पोट हे गडद. हे जमलं नाही तर पुढे कितीही भारी रंग लावा, चित्रात उजेड येणार नाही. उजेड हा पिवळ्या रंगानं येत नाही, शेजारी पुरेसं गडद आहे की नाही त्यावर येतो. शंका आली तर मोबाईलमध्ये समोरच्याचा आणि आपल्या बोर्डाचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून शेजारी शेजारी बघा. पण कलर फोटोवर मात्र विश्वास ठेवू नका, उजेडाच्या दिशेनं धरला की मोबाईल सगळं पुढचं काळं करून टाकतो, तुमच्या डोळ्यांना त्या सावलीत जांभळं, तपकिरी, हिरवं सगळं दिसत असतं.

आता समुद्र. सुरुवातीला मी समुद्र म्हणजे अल्ट्रामरीन अधिक पांढरा असं धरून चालले होते. एकदा करंझाळ्याला बसले होते, रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झालेला एक म्हातारा जाळी झटकत झटकत मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "दर्यो इतलो निळो खंय पळयलो गे तुवें?" म्हणजे, एवढा निळा समुद्र कुठे बघितलास गं तू? मी जरा रागानंच वर बघितलं. तो बोटानं दाखवायला लागला, थंय काळसो, मदीं हिरवो, हांगा मातयेचो. आणि खरंच, लांब क्षितिजाजवळ काळसर निळा पट्टा, मध्ये शेवाळी हिरवा, आणि पायाजवळ वाळू ढवळलेला चहाच्या रंगाचा. एकाच समुद्रात तीन समुद्र, आणि मी एका ट्यूबमध्ये उरकून टाकला होता.

असं का होतं ते कळलं की रंग शोधणं सोपं जातं. जवळचं पाणी आपण वरून, खाली वाकून बघतो, त्यामुळे नजर आत शिरते, तळ दिसतो, ढवळलेली माती दिसते. लांबचं पाणी अगदी आडव्या नजरेनं बघतो, तिथे पाणी आरशासारखं वागतं आणि आकाश दाखवतं. पण तो आरसा सपाट नाही, लाटांच्या आपल्याकडे तोंड केलेल्या उतारांवर क्षितिजाजवळचं फिकं आकाश न दिसता वरचं जास्त निळं आकाश दिसतं, म्हणून स्वच्छ सकाळी समुद्राची लांबची कड तिच्यावरच्या आकाशापेक्षा गडद असते. मिसळायचं असं, लांबच्या पट्ट्याला अल्ट्रामरीन, पांढरा आणि चिमूटभर बर्न्ट सिएना. मधल्याला सेरुलियन आणि ऑकर. जवळच्याला ऑकर, पांढरा, थोडा सिएना आणि वर आकाशाचे दोन-चार आडवे फटकारे. क्षितिजाची रेघ पट्टीनं मारल्यासारखी नको, पण वाकडी तर अजिबात नको, समुद्र एका बाजूला सांडतोय असं वाटतं.

फेस पांढरा नसतो हे ऐकून माझ्या मैत्रिणीला धक्का बसला होता. सकाळी आपल्या बाजूनं उजेड असतो तेव्हा फेस पांढऱ्याच्या जवळ जातो, पण तेव्हा पण त्यात लेमनचा कण टाका. संध्याकाळी मात्र फेसाची आपल्याकडची बाजू सावलीत असते, तिथे तो करडा-जांभळा, मागच्या चमकणाऱ्या पाण्यापेक्षा चक्क गडद. आणि फुटायच्या आधी लाट वर पातळ होते ना, त्या कडेतून उजेड आरपार येतो, क्षणभर बाटलीच्या काचेसारखा हिरवा. तो एकच फटकारा, सेरुलियन आणि लेमन, एकदाच मारायचा आणि ब्रश उचलायचा. दुसऱ्यांदा गेलात की मेला तो.

ओली वाळू हा माझा आवडता भाग आहे, ओहोटीला लाट मागे गेली की दोन-तीन सेकंद वाळूवर अख्खं आकाश पडतं. इथे नवीन लोक एक घोळ हमखास घालतात, प्रतिबिंब आणि सावली एकच समजतात. सावली सूर्य ठरवतो, त्यामुळे ती तिरकी कुठेही जाईल. प्रतिबिंब नेहमी वस्तूच्या सरळ खाली, तुमच्याकडे उभं येतं, सूर्य कुठेही असो. गडद होडीचं प्रतिबिंब होडीपेक्षा किंचित फिकं, उजळ आकाशाचं किंचित गडद. आणि सावलीचा रंग काळा-करडा नाही, उघड्यावरच्या सावलीत निळ्या आकाशाचा उजेड पडलेला असतो, म्हणून कोरड्या वाळूवर ती निळसर जांभळी. वागातोरच्या तांबड्या चिऱ्याच्या कड्यावर तीच सावली वांग्याच्या सालीसारखी होते, क्रिमझन, अल्ट्रामरीन आणि सिएना. तिथे एकदा जाऊन बघाच.

रंग लावायचे कसे? फटकारे सुटे ठेवायचे. दोन रंग बोर्डावर घासून घासून गुळगुळीत करायचे नाहीत, एक निळा, त्याच्या शेजारी एक फिका नारिंगी, मध्ये थोडी फट. दोन पावलं मागे गेलात की डोळा ते स्वतः जोडतो आणि पाणी हलल्यासारखं दिसतं. शेजारच्या रंगामुळे रंग बदललेला वाटतो हे शेव्हरल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 मध्येच पुस्तकात मांडलं होतं, तो पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात कापड-गालिच्यांच्या रंगाईवर देखरेख करायचा. साधा प्रयोग घरीच करा, एकच करडा रंग नारिंगीच्या मध्ये आणि निळ्याच्या मध्ये लावा, नारिंगीमधला निळसर वाटेल आणि निळ्यामधला तांबूस. म्हणजे प्रत्येक निळा ट्यूबमधून काढायची गरज नाही, करड्यानं पण काम होतं, आणि त्यामुळेच चित्र भडक होत नाही.

याच सगळ्याचा बाप म्हणजे फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेचं ते 1872 चं ले आव्र बंदरातल्या पहाटेचं चित्र, "इम्प्रेशन, सनराइज". 1874 ला पॅरिसमध्ये ते मांडलं तेव्हा लुई लरॉय नावाच्या समीक्षकानं त्या नावावरून "इम्प्रेशनिस्ट" म्हणून खिल्ली उडवली आणि तेच नाव पुढे मोने आणि त्याच्या चित्रकार मित्रांच्या सगळ्या कंपूला चिकटलं. त्यातला नारिंगी सूर्य किती झगझगीत वाटतो ना? मोबाईलवर ते चित्र उघडा आणि ब्लॅक अँड व्हाइट करा. सूर्य जवळजवळ गायब होतो! कारण तो भोवतीच्या करड्या आकाशापेक्षा उजळ नाहीच, फक्त रंग वेगळा आहे. मी पहिल्यांदा हे करून बघितलं तेव्हा बसमध्ये होते, माझा स्टॉप पुढे गेला. म्हणून पुढे कधी सूर्य काढाल तेव्हा पांढरा-पिवळा ओतून तो उजळ करायला जाऊ नका, आकाश करडं-निळं ठेवा आणि तेवढ्याच उजळ नारिंगीचा एक ठिपका द्या.

मूड मूड म्हणतात तो वेगळा आणून घालायचा नसतो, आतापर्यंतच्या निवडींतून तो येतो. पण एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवा, हे चित्र एकूण उजळ आहे की गडद. स्वच्छ सकाळ असेल तर सगळ्यात गडद रंगसुद्धा फार खाली नेऊ नका, मग हवा हलकी वाटते. पावसाळ्यात उलटं. जूनमध्ये ढग उतरले की सावल्याच नसतात, मांडवीतून आलेल्या मातीनं मिरामारचं पाणी गढूळ तांबूस, आग्वाद तर असतोही आणि नसतोही, कडा पार विरघळलेल्या. तेव्हा सगळे रंग एका करड्यात बुडवून काढल्यासारखे एकमेकांच्या जवळ ठेवा, कडा ओल्या चिंधीनं पुसून मऊ करा आणि कुठेतरी एकच तिखट रंग, वर ओढून ठेवलेल्या होडीचा लाल किंवा कोणाची पिवळी ताडपत्री. जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते त्यामुळे होड्या किनाऱ्यावर झापांखाली आयत्या बसलेल्या मिळतात, हलत नाहीत, नवशिक्यांसाठी याच्यापेक्षा बरं मॉडेल नाही. क्षितिज कुठे ठेवता त्यानं पण फरक पडतो, खाली ठेवलं की आकाशाचं चित्र होतं आणि मोकळं वाटतं, वर ठेवलं की ओल्या वाळूचं होतं आणि जरा एकटं एकटं वाटतं. मधोमध मात्र नको.

उजेड सरकायला लागला की त्याच्या मागे धावू नका. ही माझी अजूनची खोड आहे, साडेसातला लावलेली सावली साडेआठला तोकडी झालेली दिसते आणि हात शिवशिवतो, मग अर्ध्या चित्रात एक वेळ आणि अर्ध्यात दुसरी. सावल्यांच्या कडा पहिल्या पाच मिनिटांत लावून टाका आणि नंतर त्यांना हात लावू नका. मोने फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एत्रता गावाच्या कड्यांपाशी एकाच वेळी बरेच कॅनव्हास घेऊन जायचा आणि उजेड बदलला की कॅनव्हास बदलायचा. आपण दोन बोर्ड नेले तरी खूप झालं.

वाऱ्याचं काय करायचं? ईझल, म्हणजे बोर्ड टेकवायचा स्टँड, असेल तर पाण्याची भरलेली बाटली मध्ये लटकवा, नाहीतर सरळ मांडीवर बोर्ड घ्या. ॲक्रिलिक वाऱ्यात पाच मिनिटांत पॅलेटवर कातडी धरतं, म्हणून थोडं थोडं काढा आणि फवारा मारत राहा. ते वाळलं की थोडं गडद होतं, तेव्हा मिसळताना किंचित उजळच मिसळा. उन्हात बोर्ड धरून रंगवू नका, उन्हात सगळं झकास दिसतं आणि घरी ट्यूबलाइटखाली काळं पडलेलं. वाळू उडून ओल्या रंगात बसेल, बसू द्या. मोनेनं 1870 मध्ये त्रूव्हिलच्या किनाऱ्यावर काढलेलं एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, त्याच्या रंगात अजून वाळूचे कण अडकलेले आहेत. माझ्या एका चित्रात वाळूबरोबर कुत्र्याच्या पंजाचा ठसा पण आहे, तो मी नंतर खडक म्हणून खपवला.

नऊला उठा, अर्धवट असलं तरी उठा. घरी आणून त्याच दिवशी "फिनिश" करायला बसू नका, ते बोर्ड रोज जाता-येता दिसेल अशा जागी टेकवा, माझं फ्रिजवर असतं. दोन-तीन दिवसांनी नेमकं काय खटकतंय ते आपोआप कळतं, मग जास्तीत जास्त चार फटकारे. पावसाळ्यात बोर्ड भिंतीला चिकटवून किंवा कपाटात कोंबून ठेवू नका, आपल्या हवेत आठवड्यात बुरशी धरते, मागून हवा खेळू दे. आणि धरलीच तर कोरड्या मऊ ब्रशनं बाहेर अंगणात झटका, घरात झटकलीत तर पुढच्या बोर्डांना पण लागेल.